‘सोपी रेसिपी’ म्हणजे सोपा धंदा नाही : दालचिनी-शेंगदाणा खारीचा खरा हिशोब



आज थोडं कान पकडून लिहितोय. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मी चॅनलवर एक व्हिडिओ टाकला होता. पफ पेस्ट्रीची तयार शीट घ्या, वर साखर, दालचिनी आणि बदामाचे तुकडे भुरभुरा, गुंडाळी करा, कापा, भाजा. झाल्या कुकीज! व्हिडिओ चांगला चालला आणि मीही खूष होतो.

दोन महिन्यांनी सेनगावकडच्या एक ताई दुकानात आल्या. हातात कुकीजची बरणी. बचत गटातून ३५ हजार उचलून त्यांनी ओव्हन घेतला होता, नांदेडहून बर्फातल्या शीट मागवल्या होत्या. मला म्हणाल्या, “सर, गिऱ्हाईक आहे, माल जातो, पण गल्ल्यात काही राहीना. माझं चुकतंय कुठं?”

काउंटरवरच वही काढली. २०० ग्रॅमचं पाकीट त्या ७० रुपयांना विकत होत्या. शीट, बदाम, साखर, दालचिनी आणि पिशवी यांचाच खर्च ८० रुपये येत होता. लाइट नाही धरली, मजुरी नाही, गटाचा हप्ता नाही. म्हणजे जितका माल जास्त जाईल तितकं नुकसान जास्त! त्या शांतपणे म्हणाल्या, “व्हिडिओत तर सोपं होतं.”

चूक त्यांची नव्हती. चूक माझी होती. मी रेसिपी सांगितली, धंदा सांगितलाच नाही. म्हणून आजचं माझं मत स्पष्ट लिहितो: पफ पेस्ट्रीच्या कुकीजचा धंदा आपल्या हिंगोली जिल्ह्यात होऊ शकतो, पण ‘कुकीज’ म्हणून नाही, ‘खारी’ म्हणून. आणि सुरुवात ओव्हन विकत घेऊन नाही, गावातल्या बेकरीच्या भट्टीवर.

आता का ते बघू.

पफ पेस्ट्री म्हणजे आपली खारीच

इंग्रजी नावाला घाबरू नका. मैद्याची कणीक, तिच्यात चरबीचा थर, लाटा, घडी घाला, परत लाटा. ही पफ पेस्ट्री, आणि हीच आपली चहाबरोबरची खारी. पॅटिसचं बाहेरचं कव्हरही हेच. फ्रान्समध्ये याच कणकेला साखर लावून दोन्ही बाजूंनी गुंडाळतात आणि पाल्मिए म्हणतात. आपल्याकडे बेकरीत साखर लावलेली गोड खारी मिळते, जिरं लावलेली मिळते. मग दालचिनी आणि शेंगदाणा लावला तर तो काही परक्या मुलखातला पदार्थ होत नाही.

ती फुलते कशी तेही समजून घ्या, कारण तोटा इथेच होतो. यात सोडा नाही, यीस्ट नाही. तीन पदरी घडी चार वेळा घातली की ८१ थर होतात, सहा वेळा घातली की ७२९. गरम भट्टीत कणकेतल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ थर उचलते आणि मधली चरबी ते थर एकमेकांना चिकटू देत नाही. पण भट्टीत जाण्याआधीच चरबी वितळून कणकेत मुरली, तर थर संपले. मग खारी होत नाही, तेलकट पुरी होते.

लोणी साधारण ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असतो. म्हणून बेकरीवाले खारीसाठी जास्त तापमानाला टिकणारं मार्गरीन वापरतात. हा कंजूषपणा नाही, आपल्या हवेची गरज आहे. ताईंच्या बाबतीत हेच झालं. दुपारी लाइट गेली, फ्रीज बंद, शीट वितळल्या. एकदा तर माल ओव्हनमध्ये असतानाच लाइट गेली. अर्धवट फुललेली खारी परत फुलत नाही, ती सरळ फेकावी लागते.

माझ्या व्हिडिओत लाइट गेली नव्हती. व्हिडिओत कधीच जात नाही!

रेसिपी, आपल्या पद्धतीनं

आधी सामान लिहून घ्या, पुढचा हिशोब यावरच आहे:

- मैदा १ किलो
- पफचं मार्गरीन ६०० ग्रॅम
- थंडगार पाणी साधारण ५५० मिली, मीठ १५ ग्रॅम
- साखर ३०० ग्रॅम
- भाजून, सालं काढून, जाडसर कुटलेले शेंगदाणे ३५० ग्रॅम
- दालचिनी पूड २० ग्रॅम

कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवा. लाटून मार्गरीन पसरा, तीन पदरी घडी, परत लाटा. असं किमान चार वेळा, दर दोन घड्यांनंतर २० मिनिटं थंड जागी विश्रांती. उन्हाळ्यात हे काम पहाटे ५ ला सुरू करा, ११ वाजता नाही.

शेवटी ३-४ मिलिमीटर जाड लाटा. साखर, दालचिनी, शेंगदाणा एकत्र करून पसरा, वरून हलकं लाटणं फिरवा म्हणजे सारण बसतं. बाकरवडीसारखी घट्ट गुंडाळी करा, अर्धा तास थंड करा, मग धारदार सुरीनं अर्ध्या इंचाचे काप करा. थंड न करता कापलं तर सारण सांडतं आणि काप चपटे होतात.

ट्रेवर बटर पेपर हवाच, कारण साखर वितळून बुडाला चिकटते आणि जळते. २०० डिग्रीला १२ मिनिटं, मग १७० वर आणून १०-१२ मिनिटं. दुसरा टप्पा टाळू नका. पहिल्या टप्प्यात खारी फुलते, दुसऱ्यात आतून वाळते. आत ओल राहिली तर दोन दिवसांत सादळते, आणि सादळलेली खारी एकदा हातात आली की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

दोन गोष्टी सामानाबद्दल. एक, दालचिनीची तयार पूड घेऊ नका, साल घेऊन स्वतः दळा. बाजारात जी जाड, कडक साल मिळते ती बहुतेक कॅसिया, म्हणजे तज असते. सिलोनची खरी दालचिनी पातळ असते, कागदाच्या सुरळीसारखे आत अनेक थर. तज तिखट आणि स्वस्त, पण तिच्यात कुमारिन नावाचा घटक जास्त असतो आणि तो रोज खूप पोटात गेला तर यकृताला चांगला नाही. म्हणून ‘जास्त दालचिनी म्हणजे जास्त चव’ असं करू नका, प्रमाणात वापरा. दोन, शेंगदाणे हातानं निवडा. बुरशी लागलेला, काळा पडलेला, कडू दाणा बाजूला काढा. बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि नुसतं भाजून ते पूर्ण जात नाही. शिवाय एक खवट दाणा अख्ख्या पाकिटाची चव घालवतो.

आता खरी परीक्षा : वही काढा

हे भाव मी हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून परत मांडा.

मैदा ४० रुपये. मार्गरीन १८० रुपये किलोनं १०८. मीठ १. साखर ४५ रुपये किलोनं १४. शेंगदाणे १४० रुपये किलोनं ४९. दालचिनी ६०० रुपये किलोनं १२. सामान झालं २२४ रुपयांचं.

भाजल्यावर पाणी उडतं, तुटफूट आणि कडा जातात. हातात विकण्यासारखा माल साधारण २ किलो येतो. म्हणजे २०० ग्रॅमची १० पाकिटं.

बहुतेक लोक इथंच थांबतात. “२२ रुपयांत पाकीट, ८० ला विकू, ५८ नफा!” थांबा. पुढे लिहा:

- पिशवी आणि लेबल, ६ रुपये पाकीट : ६०
- लाइट, २ किलोवॅटचा ओव्हन अडीच तास म्हणजे ५ युनिट, १० रुपयांनी : ५०
- तुमची मजुरी, ४ तास, ६० रुपये तास : २४०
- ओव्हनची झीज आणि वाया जाणारा माल : ३०

एकूण ६०४ रुपये, म्हणजे पाकिटाला ६० रुपये. एमआरपी ८० ठेवली आणि दुकानदारानं २० टक्के घेतले, तर तुमच्या हातात ६४. नफा ४ रुपये!

“सर, स्वतःची मजुरी कशाला धरायची?” हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो आणि दर वेळी मी तेच सांगतो. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि शेजारच्या मुलीला कामाला बोलावलं, तर ती फुकट येईल का? तुमचे हात फुकट नाहीत. बीबीएमध्ये आम्हाला कॉस्टिंगचा अख्खा विषय होता, पेपरही पास झालो. पण स्वतःचे तास खर्चात लिहायचे असतात हे मला दुकान टाकल्यावर दुसऱ्या वर्षी कळलं, तेही कर्ज झाल्यावर.

आता तोच माल एका दिवशी तिप्पट करा. सामान ६७२, पिशव्या १८०, लाइट १५०, झीज ९०. मजुरी मात्र तिप्पट होत नाही, कारण मळणं, थंड करणं, आवरणं हे एकदाच होतं. १२ तास नाही, ८ तास लागतात. ४८० धरा. एकूण १५७२, पाकिटं ३०, म्हणजे पाकीट साधारण ५२ रुपये. ६४ ला गेलं तर दिवसाला साधारण ३४८ नफा आणि ४८० मजुरी वेगळी.

आता बघा, रेसिपी तीच, सामान तेच. फरक पडला तो मालाच्या प्रमाणानं. म्हणून मी म्हणतो, पहिला प्रश्न ‘चव कशी आहे’ हा नाही. पहिला प्रश्न आहे, ‘आठवड्याला ३० पाकिटं घेणारी दुकानं माझ्याकडे आहेत का?’

आणि शेंगदाण्याऐवजी बदाम घातला तर? ८५० रुपये किलोनं ३५० ग्रॅम म्हणजे २९८ रुपये. पाकिटामागे २५ रुपये वाढले. आपल्या चहाच्या हॉटेलावर खारी घेणारं गिऱ्हाईक ते २५ रुपये देणार नाही. दिवाळीत भेट द्यायच्या बॉक्ससाठी बदाम ठीक आहे, रोजच्या मालाला शेंगदाणा.

ओव्हन आधी नको, भट्टी आधी

तुम्हाला आठवत असेल, आपल्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई पीठ, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत पाठवायची. बेकरीवाला घाणा करून नानकटाई भाजून द्यायचा, आपण डबा घेऊन रांगेत उभे असायचो. सामान आपलं, भट्टी त्याची, भाजणावळ द्यायची आणि गरम डबा सायकलला अडकवून घरी आणायचा. आजही गावोगावी हे चालतं.

हे जुनं शहाणपण आहे. आपल्या आयांनी चार दिवसांच्या कामासाठी ओव्हन विकत घेतला नाही. मग आपण, गिऱ्हाईक सापडायच्या आधीच, ३५ हजारांचा का घेतो?

गावातल्या बेकरीवाल्याकडे जा. पाव आणि बटर निघाले की दुपारी भट्टी मोकळी असते आणि गरम असते. त्याच्याशी बोला. एक तर आपली कणीक नेऊन भाजून घ्या, नाहीतर त्याच्याकडूनच खारीची लाटलेली कणीक किलोनं घ्या आणि सारण, गुंडाळी, कापणं, पॅकिंग तुम्ही करा. घड्या घालण्याची कला त्याच्या हातात वीस-वीस वर्षांची आहे, ती तुम्हाला एका व्हिडिओत येणार नाही. भट्टीला लाइट जाण्याची भीतीही नाही, आणि उतरत्या आचेवर खारी वाळवणं हे तर तिचं रोजचं काम. भाजणावळ मात्र आधी ठरवा, किलोवर ठरवा आणि दोघांच्या वहीत लिहा.

काही जण म्हणतील, “मग बेकरीवाला माझी आयडिया चोरेल.” चोरू दे! दालचिनी कुणाच्या बापाची नाही. तुमचं गिऱ्हाईक, तुमची वेळेवर डिलिव्हरी आणि तुमचा शब्द, हे त्याला चोरता येत नाही. आणि तीन महिने माल खपला, दर आठवड्याची ऑर्डर पक्की झाली, तर घ्या ना ओव्हन, मीच सोबत येतो दुकानात.

सबसिडीचं काय?

केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. ‘एक जिल्हा एक उत्पादन’मध्ये हिंगोलीला हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं, अभिमानाची गोष्ट आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, बेकरी बसते का, हे जिल्हा कृषी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, एजंटाला नाही.

पण लक्षात ठेवा, हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे. रोख हातात येत नाही, कर्ज आधी येतं. ३५ टक्के वाचवायचे म्हणून नको असलेलं मशीन घेतलं, तर उरलेले ६५ टक्के कोण फेडणार? सबसिडी चालत्या धंद्याला जोर देते, न चालणाऱ्याला उभं करत नाही.

कागद आणि पाकीट

इथे कंटाळा करू नका. घरगुती असलं तरी खाद्यपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. कित्येक वर्षं १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला मूळ नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये फी असं चालत होतं. अर्ज फॉस्कॉस पोर्टलवर करा आणि त्या दिवशीची मर्यादा, फी तिथेच बघून घ्या. बेकरीच्या भट्टीत भाजत असाल तर त्या बेकरीची नोंदणी चालू आहे का तेही बघा. बनवलं कोणी आणि विकतं कोण, दोन्ही पाकिटावर लिहावं लागतं.

पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक (जास्त वजनाचा आधी), वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, पत्ता, फोन, हिरवा ठिपका, नोंदणी नंबर. गहू आणि शेंगदाणा आहे हे ठळक लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

जीएसटीची भीती बाळगू नका. फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं-बेकरी मालावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

आणि एक माझं पक्कं मत. मार्गरीन घालून पाकिटावर ‘बटर’ लिहू नका. चांगल्या कंपनीचं मार्गरीन घ्या. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. सुटं, बिनलेबलचं स्वस्त डालडा घेऊ नका. जे घातलंय तेच लिहा. आपला बाजार छोटा आहे. कळमनुरीत बोललेलं खोटं संध्याकाळपर्यंत आखाडा बाळापूरला पोचतं.

नाव काय द्यायचं?

“सर, कुकीज म्हटलं की भाव जास्त मिळतो.” पुण्या-मुंबईत मिळत असेल. पुण्यात कयानी बेकरी १९५५ पासून आहे आणि तिच्या श्रूसबेरी बिस्किटांसाठी लोक रांग लावतात. पण तो भाव नुसत्या इंग्रजी नावाचा नाही. वर्षानुवर्षं तीच चव दिल्याचा तो भाव आहे.

आपल्याकडे चहाच्या हॉटेलात ‘सिनेमन पफ कुकी’ सांगितली तर मालक म्हणेल, ठेवून जा, बघू. ‘दालचिनी-शेंगदाण्याची गोड खारी’ सांगितली तर तो एक तुकडा तोडून चहात बुडवेल. तो बुडवलेला तुकडा हीच तुमची जाहिरात. मग औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणारे भाविक आहेत, हिंगोलीचं दसऱ्याचं प्रदर्शन आहे, तिथं छोटी ५० ग्रॅमची पाकिटं चालवून बघता येतील.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

खोटं सांगणार नाही, चमत्कार झाला नाही. ओव्हन विकायला काढला तर निम्मी किंमतही येईना, म्हणून ठेवला. बदाम बंद करून शेंगदाणा आणला. शीट बंद, गावच्या बेकरीची कणीक. आठवड्यात दोन दिवस माल करतात, भट्टीवर भाजतात, पाच दुकानं आणि दोन हॉटेलं धरली आहेत. श्रावणात माल सादळला म्हणून २० पाकिटं परत आली, तेव्हापासून पावसाळ्यात जाड पिशवी आणि अर्धाच माल. गटाचा हप्ता आता खारीतून जातो. पूर्वी तो नवऱ्याच्या मजुरीतून जायचा. माझ्या दृष्टीनं हाच नफा.

तो जुना व्हिडिओ मी काढलेला नाही. पण त्याचं नाव बदललंय. ‘सोपी’ हा शब्द काढून टाकलाय.

तर तुमचं या आठवड्याचं काम एवढंच:

१. एक किलो मैद्याचा माल करा, तुमच्या भावानं वहीत हिशोब मांडा, स्वतःचे तास धरून.
२. पाच पाकिटं बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक फोडा. ज्या आठवड्यात सादळली किंवा खवट लागली, त्याच्या बरंच आधीची तारीख पाकिटावर येईल.
३. दहा दुकानं फिरा, फुकट चव द्या, पण ‘छान आहे’ लिहू नका. ‘किती पाकिटं घेणार’ तेवढंच लिहा.
४. बेकरीवाल्याशी भाजणावळ बोला.

ही चार कामं होईपर्यंत ओव्हनच्या दुकानात पाय ठेवू नका. आणि हिशोब मांडल्यावर आकडा उलटा आला, तर लाजू नका. वहीत झालेला तोटा फुकटचा असतो, बाजारात झालेला हप्त्यानं फेडावा लागतो.

हिशोबाच्या पानाचा फोटो घेऊन दुकानात या, चहा माझ्याकडून. खारी मात्र तुमची आणा!